इम्पालाचं स्टिअरिंग कोणत्या बाजूला होतं

जुन्या सिनेमात गाडी आली की मला नट-नटी दिसेनासे होतात. नायिका दाराला टेकून रडते आहे, नायक तिला कायमचा सोडून निघाला आहे, आणि मी बघत असतो की तो ज्या गाडीत बसला तिच्या बॉनेटवर पन्हाळी आहेत की नाहीत. पन्हाळी असतील तर अँबेसेडर. बॉनेट गुळगुळीत आणि मागचा भाग घसरगुंडीसारखा उतरता असेल तर तिची थोरली बहीण, लँडमास्टर. एवढं ठरेपर्यंत नायिकेचं रडून झालेलं असतं. बायको पदरानं डोळे पुसत म्हणते, "पाह्यलं का, कसा टाकून गेला तिले?"

मी म्हणतो, "लँडमास्टरनं गेला."

या वाक्यानंतर आमच्या घरात वरण पातळ होतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात माझं गॅरेज आहे. बोर्डावर सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतील असं लिहिलंय, पण हल्ली येतात त्या मोटरसायकली, त्यातल्या निम्म्या बाजाराच्या दिवशी. एक काळ होता की राइस मिलवाल्यांच्या अँबेसेडर माझ्या दारात नांगी टाकून उभ्या असायच्या. लोक ज्या बुटक्या गोल गाडीला डुक्कर म्हणायचे, तिच्याही पोटाखाली मी तासन् तास पडलेलो आहे. आता त्या गाड्या फक्त सिनेमात भेटतात. जुन्या ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं तसं होतं मला. हाक मारल्याशिवाय राहवत नाही.

माझ्यासारखा दुसरा येडा या जिल्ह्यात नसेल अशी माझी समजूत होती. ती पोरीच्या लग्नात मोडली. पोरगी गोंदियाला दिली, तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरी. तिचे सासरे, म्हणजे माझे इवाई, जुन्या सिनेमांचे पक्के. धंदा मुलाच्या हाती देऊन ते आता भिंतीएवढ्या टीव्हीसमोर बसतात. मी पोरीला भेटायला गेलो की चहाच्या आधी रिमोट त्यांच्या हातात. सिनेमा चालू, गाडी आली की थांबवायचा.

"बोलो इवाईबुवा, कोणती?"

"डुक्कर."

"मॉडेल?"

"आधीचं. दिव्याची कड पाहा जी."

मग ते मोबाइलवर शोधणार, चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "ठीक है, मान गये." तीन वर्षं हा खेळ चालला. बहुतेक वेळा मी जिंकायचो. जिंकल्यावर थोडं गप्प बसावं, एवढी अक्कल मला पाहिजे होती. ती नव्हती. मी जिंकल्यावर मांडीवर थाप मारायचो. त्यांच्या मांडीवर.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. लग्नाची बोलणी चालू असताना इवायांनी सहज विचारलं होतं, "पिक्चर-विक्चर पाहता का?" आणि मग त्यांनीच सांगितलं की गोंदियाच्या टॉकीजमध्ये त्यांच्या घरची बाल्कनी ठरलेली असायची, मॅनेजर स्वतः चहा घेऊन यायचा. आता बाल्कनीसमोर आपणही काही मांडावं म्हणून मी म्हटलं, "आमच्या गावी टुरिंग टॉकीज येत होती, सौंदडला. आमच्या बाबाची खुर्ची राखीव राहे. पहिली लाइन." इवायांनी मान डोलावली. बायकोला तेव्हा अचानक खोकला आला होता. तो खोकला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सोनं द्यायला गोंदियाला गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. इवायांचे साडू नागपुरातून आलेले, तेही सिनेमाचे शौकीन. इवायांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे गाड्यांचे मास्टर." माझी छाती इथंच दोन इंच फुगली.

साडूंनी परीक्षा घेतली. "एक पिक्चर होती. बदमाश घाटातून पळते पांढरी गाडी घेऊन. ती कोणती?"

"इम्पाला," मी म्हटलं. "मांगं तीन-तीन गोल लाल दिवे. लांबी इतकी, की वळणावर तोंड पुढं निघून जाते अन् शेपूट चहा पिऊन येते."

सगळे हसले. साडू म्हणाले, "वा!" इथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

"अन् लेफ्ट हँड," मी पुढं म्हटलं. "स्टिअरिंग डावीकडे. विलायतेहून उतरवली तशीच चालवली."

इवाई म्हणाले, "लेफ्ट? नाही नाही. राइट."

"लेफ्ट."

"अरे, मी बाल्कनीतून तीनदा पाह्यली ती पिक्चर!"

"मी आठवडाभर रोज पाह्यली. बदमाश डावखुरा होता. डाव्या हातानं पिस्तूल काढते. नंबर प्लेट पण आपल्या लिपीत नोहोती. राइट निघाली तर या घरात गाडीबद्दल तोंड उघडणार नाही."

ही शपथ मी जेमतेम चार मिनिटं पाळली. तेवढ्या वेळात साडूंनी मोबाइलवर सिनेमा शोधून टीव्हीला जोडला, घाट आला, पांढरी इम्पाला आली. स्टिअरिंग उजवीकडे. बदमाशानं पिस्तूल काढलं, उजव्या हातानं. त्यानं माझ्याकडे पाहून काढल्यासारखं मला वाटलं.

खोलीभर हसू पसरलं. इवाई मात्र हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "होते, होते. उमर झाली."

हसले असते तर चाललं असतं. उमर काढली आणि माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडलं, "ही कॉपीच उलटी छापली आहे."

इवायांनी रिमोट दाबला. गाडी थांबली. ते उठून टीव्हीजवळ गेले, नंबर प्लेटवर बोट ठेवलं. आकडे अगदी सरळ, दुकानावरच्या पाटीसारखे. "कॉपी उलटी, मग नंबर सुलटा कसा?"

उत्तर नसताना माणसानं पाणी मागावं. मी म्हटलं, "तुमच्या घरी सगळंच उलटं आहे," आणि उठलो.

जेवणाची ताटं मांडलेली होती. इहीणबाई पुऱ्यांची परात घेऊन उभ्या होत्या, पोरगी भाजीचं पातेलं घेऊन दारात. मी चपला घातल्या. पोरीच्या सासरी वाढलेल्या ताटावरून उठून जाणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी गेलो. बायको मागून आली. तिला यावंच लागलं.

बसमध्ये गोंदिया मागे पडल्यावर ती म्हणाली, "मी तं जेवली असती."

"त्यानं माही उमर काढली."

"अन् तुमी काय काढलं? पोरीचं नाक काढलं." जराशानं पुन्हा म्हणाली, "डावीकडे कायची हो ती गाडी?"

"डावीकडेच होती! मी माह्या डोळ्यानं पाह्यली. सौंदडला."

"तुमी डोळ्यानंच पाह्यली. पण तुमी कधी पुढून पाह्यला का सिनेमा?"

बस एका खड्ड्यातून उसळली आणि मी बायकोवर उसळलो नाही, ही त्या प्रवासातली एकमेव शहाणपणाची गोष्ट. "म्हंजे?"

"मी सौंदडचीच ना. मी पुढं बसत होती, बाबासंगं, तिकीट काढून. तुमचा सारा कळप पडद्याच्या मांगं राहे, बांधीत. सगळ्या गावाले माहीत आहे. तुमालेच माहीत नाही?"

माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यांच्यामध्ये माझी पन्नास वर्षं गेली होती.

टुरिंग टॉकीज सौंदडला धान कापून झालं की यायची. तीन बाजूंना कनात लागायची. चौथी बाजू उघडीच, कारण तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती आणि मालकाला वाटायचं की धसकटांत कोण बसणार? आम्ही बसायचो. पोतं अंथरून, पडद्याच्या मागच्या अंगाला. कापड पातळ, त्यातून चित्र आरपार यायचं. पुढच्यांना दिसायचं तेच सगळं आम्हाला दिसायचं, फक्त डाव्याचं उजवं होऊन. पण डाव्याचं उजवं झालंय हे कळायला आधी उजवं पाहिलेलं असावं लागतं. आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं. आमच्यासाठी नट असेच होते. सगळे डावखुरे. नायक, बदमाश, हवालदार, झाडून सारे डावखुरे. मला वाटायचं, मुंबईची माणसं तशीच असतात. सिनेमाचं नाव पडद्यावर आलं की आम्ही म्हणायचो उर्दूत आहे. गाडीवरचा नंबर विलायती लिपीत.

आणि मी मूर्ख असा की पुरावे अंगावर घेऊन फिरत होतो. बायकोनं बसमध्येच मोजून दाखवले. "अन् हा भांग?" सगळं गाव डावीकडे भांग पाडतं, मी उजवीकडे. जन्मभर लोकांना सांगत आलो की हा अमुक नटाचा भांग आहे. न्हाव्यानं एकदा विचारलंही होतं, "त्याचा तं तिकडून आहे ना?" मी न्हावी बदलला होता. आणि जीपचं तर बायकोला माहीतच नाही. गॅरेजच्या कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी मालकानं चावी दिली, "जीप बाहेर काढ." मी रुबाबात डावीकडचं दार उघडून आत बसलो, हात पुढं केले आणि हवेत काहीच लागलं नाही. मालक उजवीकडे उभा राहून बघत होता. मी म्हटलं, "जरा बसून पाह्यलो."

रात्री पोरीचा फोन आला; सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "बाबा, मामाजी बोलत नाहीत कोणाशी. म्हणाले, माझ्या दारातून माणूस उपाशी उठला. माफी मागा तुम्ही."

"मागतो."

"कधी? दिवाळी झाली की मंडई आली. ते म्हणून राहिले की इवाई सरळ बोलत नाहीत तोवर आपल्या घरचं कोणी मंडईले जाणार नाही. मीही नाही."

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव ठरलेल्या दिवशी भरते ती जत्रा. पण दुकानं आणि पाळणे हे तिचं वरचं रूप. खरी मंडई घराघरांत असते. त्या दिवशी दिलेल्या लेकी येतात, जावई येतात, इवाई येतात. सकाळपासून गल्लीत एकच विचारणा चालते, "आली का पोरगी?" ज्याच्या घरी आली नाही त्याच्या घरात काय झालं, हे संध्याकाळपर्यंत त्याच्यापेक्षा गावाला जास्त माहीत असतं. लग्न झाल्यापासून माझ्या पोरीची एकही मंडई चुकली नव्हती. बायकोनं तिच्यासाठी अनरशाचं पीठ आधीच दळून ठेवलं होतं. त्या डब्याकडे बघणं मला आठ दिवस जमलं नाही.

बायको म्हणाली, "साधी गोष्ट आहे. मी मांगून पाह्यलो म्हणून उलटं दिसलं, असं सांगून टाका."

"अन् खुर्चीचं काय?"

ती हसली. आता खोकायची गरज नव्हती. "ते खुर्चीचं तं मले तवाच हासू आलं होतं."

हे खरं दुखणं होतं. उलटं का दिसलं हे सांगायचं तर मागं बसलो होतो हे सांगावं लागणार. मागं बसलो होतो हे सांगितलं की पहिल्या लाइनमधली खुर्ची मोडणार. आणि खुर्ची मोडली की इवाई म्हणणार, लग्नाच्या बोलणीत हा माणूस खोटं बोलला. नुसती गाडी हरण्यापेक्षा हे वाईट. एकीकडे माझी खुर्ची, एकीकडे पोरीची मंडई. आणि बाबा बिचारे आयुष्यात कधी खुर्चीवर बसले नव्हते. टॉकीजमध्ये नाही आणि घरात तर नाहीच, कारण घरात खुर्ची नव्हती.

मी गॅरेजमध्ये बसून पाठ केलं. इवाईबुवा, मी चुकलो. इवाईबुवा, माझी नजर चुकली. तिसऱ्यांदा म्हणताना मला राग आला. नजर कुठं चुकली? माझ्या नजरेला जे दिसलं ते मी सांगितलं. पन्नास वर्षांनंतर बरोबर सांगितलं, लाल दिव्यांसकट. बांधीत बसलेल्या माणसानं सिनेमा पाहिला तर तो पाहिला म्हणायचा की नाही? बाल्कनीत बसलेल्यालाच दिसतं ते खरं, असं कोणत्या पेपरात छापून आलंय? आम्ही थंडीत पोतं अंगावर घेऊन, तेच गाणं, तीच मारामारी, तीच गाडी पाहिली. आणि मी मूर्खासारखा एक खोटी खुर्ची घेऊन त्या माणसासमोर बसलो होतो. लाज वाटायला हवी होती ती खुर्चीची. मी लाजत होतो पोत्याची.

मी फोन लावला.

"बोला," इवाई म्हणाले. आवाज कोरडा.

"इवाईबुवा, ताटावरून उठलो ते चुकलं. तुमच्या घराला उलटं म्हटलं तेही चुकलं. माफी मागतो."

"हं." जरा थांबून, "और गाडी?"

"गाडीची नाही मागत."

"क्या?"

"गाडी डावीकडची होती. मी पाह्यली तेव्हा होती."

"तुम्ही पागल आहात का हो? मी प्लेटवर बोट ठेवून दाखवली!"

"तुमी टीव्हीवर दाखवली. मी पडद्यावर दाखवतो. मंडईले या. सुनेले घेऊन या. डावीकडे दिसली नाही तर चार माणसांत कान पकडतो."

आतून इहीणबाईंचा आवाज आला, "जाऊ द्या ना हो." मग इवाई म्हणाले, "आऊंगा. कान धरताना पाहाले तर आऊंगाच."

बायकोनं हे ऐकून कपाळावर हात मारला. "माफी मागा म्हटलं होतं. कुस्ती लावा नाही म्हटलं."

मंडईच्या आदल्या दिवशी मी लग्नांचं शूटिंग करणाऱ्याकडून प्रोजेक्टर आणला आणि मांडववाल्याकडून पांढरं कापड. घरामागच्या बांधीतलं लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, तिथं दोन बांबू रोवले. संध्याकाळी लावून पाहिलं. पुढून झकास. मागून अंधार. मांडववाल्याचं कापड जाड, चकचकीत. त्यातून आरपार काही येईना. मी मागं उभा राहून नुसता आवाज ऐकत होतो. पन्नास वर्षांत मला पहिल्यांदाच वाटलं की आपण मागं बसलो आहोत.

बायकोनं पेटीतून तिच्या बाबांची दोन जुनी धोतरं काढली. मधोमध टाके घालून जोडली. "पाणी मारा," ती म्हणाली. "टॉकीजवाला मारत होता." हे मला माहीत नव्हतं. ते पुढून दिसायचं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता इवायांची गाडी दारात आली. आधी पोरगी उतरली. शेजारणीनं कुंपणावरून लगेच विचारलं, "आली का वो?" आणि बायकोनं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आली! सासऱ्यासंगं आली!" इवाई उतरले. राम राम झाला, अनरसे झाले, चहा झाला. त्यांनी गाडीचा विषय काढला नाही, मीही नाही. पण ते सारखे खिडकीतून मागच्या धोतरांकडे बघत होते.

दिवेलागणीला सिनेमा लावला. पुढं सतरंजी, मधोमध इवायांसाठी खुर्ची. गल्लीतले लोक जमले. आणि मग मला जे सुचलं नव्हतं ते झालं. माझ्या वयाचे चार जण, मंडईला आलेले माझेच सौंदडचे जुने सोबती, काठी टेकत आले, पुढच्या सतरंजीकडे पाहिलंसुद्धा नाही आणि सरळ पडद्याच्या मागं जाऊन धसकटांत बसले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकानं पोतं आणलं होतं.

पोरीनं विचारलं, "काका, तिकडं काऊन बसले? पुढं जागा आहे."

"आमची जागा हेच आहे ना बाई."

मीही मागं जाऊन बसलो.

घाट आला. पांढरी इम्पाला आली. धोतरांच्या टाक्यावर येऊन तिचे दोन तुकडे झाले, मग परत जुळले. पुढून इवाई ओरडले, "राइट! देखो, राइट!"

मागून आम्ही पाच जण एका सुरात, "लेफ्ट!"

"अरे काय लेफ्ट? डोळे आहेत का?"

"आहेत ना जी," पोतंवाला म्हणाला. "लेफ्टच आहे. बदमाश पण डावखुराच."

इवाई उठले. तरातरा पडद्याला वळसा घालून मागं आले, माझ्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर धोतरावर गेली. मी पडद्याच्या कडेनं प्रोजेक्टर चालवणाऱ्या शूटिंगवाल्याला हात केला. त्यानं चित्र थांबवलं. इम्पाला घाटात उभी. स्टिअरिंग डावीकडे. नंबर प्लेट आमच्या त्या विलायती लिपीत.

इवायांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुढच्या बाजूला जाऊन आले. पुन्हा पाहिलं. व्यापारी माणूस आहे, त्यांना दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नाही. पण त्यांनी गाडीबद्दल विचारलं नाही.

"म्हणजे खुर्ची?" ते म्हणाले.

"नोहोती."

"पहिली लाइन?"

"पहिलीच होती. मागून."

कोणी हसलं नाही. पोरगी पडद्याच्या कडेला उभी होती. बायको तिच्या मागं.

"लग्नाच्या बोलणीत तुम्ही खोटं बोलले."

"हो."

"और क्या-क्या झूठ बोले?"

"एवढंच. बाकीचं सगळं तुम्ही माणूस पाठवून तपासून घेतलं होतं."

इवायांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. "तर मग कान पकडा. चार माणसं आहेत."

मी उभा राहिलो. "खुर्चीसाठी पकडतो," मी म्हटलं आणि पकडले. दोन्ही. चार माणसांसमोर, पोरीसमोर. "ते खोटं होतं, त्याची माफी. पण मागं बसलो त्याची माफी मागणार नाही. माझा बाप मागं बसला, मी मागं बसलो, हे चौघं बसले. आम्ही सिनेमा पाहिला. तुम्ही बाल्कनीतून पाहिली ती गाडी तुमची, आम्ही बांधीतून पाहिली ती आमची. तुम्हाला हे चालत नसेल तर आत्ता सांगा. पण माझ्या तोंडून राइट निघणार नाही."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी अजून कान धरूनच उभा आहे.

पोरगी पुढं आली. तिनं माझे हात खाली ओढले. "बाबा, हे मले काऊन नाही सांगतलं कधी?" ती रागावली होती, आणि इवायांवर नाही, माझ्यावर. "मी पुढची खुर्ची सगळ्या सासरी सांगत फिरली."

या वेळी मी पाणी मागितलं.

इवाई तिथंच उभे होते, थांबलेल्या गाडीकडे बघत. मग त्यांनी पोतंवाल्याला विचारलं, "याच्यापुढं ते क्लबमधलं गाणं आहे ना? ती नाचता नाचता पाठ फिरवते आणि उजव्या खांद्यावरून बघते?"

"डाव्या," पोतंवाला म्हणाला.

"हां, तुमच्याकडे डाव्या." ते एक क्षण घुटमळले. "सरका जरा."

चौघं सरकले. पांढऱ्या धोतरात, पॉलिशच्या बुटांत माझे इवाई धसकटांत पोत्यावर बसले. नाचणारीनं डाव्या खांद्यावरून पाहिलं. इवाई म्हणाले, "अरे बाप रे." मग पुढची गाडी आली. त्यांनी घाईनं काहीतरी नाव घेतलं, चुकलं, आणि आम्ही पाचही जण एकदम ओरडलो, "लँडमास्टर!" ते म्हणाले, इकडून दिसत नाही नीट, ही फसवाफसवी आहे. पोतंवाला म्हणाला, आम्हाले तं दिसते. भांडण सुरू झालं. बायकोनं जेवायला दोनदा हाक मारली, कोणी उठलं नाही. तिसऱ्यांदा तिनं प्रोजेक्टरचं बटणच बंद केलं. इवाई पोटभर जेवले. भाकर, वांग्याची भाजी, वर अनरसे. ताटात काही टाकलं नाही.

सकाळी ते निघाले. पोरगी दारात, माझ्या बाजूला उभी होती. "सुनेले आठ दिवस ठेवा," ते म्हणाले. "मग मी गाडी पाठवतो." गाडीत बसले, काच खाली केली. "खुर्चीची गोष्ट मी साडूले सांगणार आहे."

"सांगा."

"तो नागपूरभर करेल."

"करू द्या. माइक लावून करू द्या."

"लोक काय म्हणतील? इवाई पडद्यामागचा."

"त्याहिले म्हणा, जागा आहे. पोतं घेऊन या."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गल्लीच्या वळणावर पोहोचेपर्यंत इवायांचा हात काचेबाहेर होता आणि तो हात नाही नाही म्हणत होता. पोरगी म्हणाली, "मामाजी रागावले का?" बायको म्हणाली, "नागपूरवाले आले तं पुढच्या मंडईले चार धोतरं लागतील." आणि ती आत पेटी उघडायला गेली.